पंधरा घंटे

बाबा, उद्या मी परत टोरांटोला निघते आहे. सकाळी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं विचारलं, "किती घंटे लागते वं?" मी सगळं धरून सांगितलं: नेरहून नागपूर चार, विमानतळावर दोन, दिल्लीपर्यंत दोन, तिथं सहा तास ताटकळणं, मग पुढच्या विमानाचे पंधरा आणि उतरल्यावर घरापर्यंत एक. तीस. आई म्हणाली, "मंग तुह्या बाबानं पंधरा कायले लिवले होते?" मी तिच्यासमोरच्या शेंगा सोलायला घेतल्या.

तुम्ही नेरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. खिडकीशी येऊन कोणी वणी किती लांब म्हणून विचारलं, की तुम्ही किलोमीटर कधी सांगितले नाहीत. घंटे सांगायचात, आणि त्यात चहाचा थांबा, फाट्यावर गाडी बदलायची वाट, सगळं धरलेलं असायचं. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा मलाही तेच म्हणालात. "साडेअकरा हजार किलोमीटर घेऊन मी काय करू? घंटे सांग." मी म्हटलं, पंधरा. तुमचा चेहरा बघून पुढचं-मागचं सांगायचा धीर झाला नाही. "म्हंजे वणीले दोनदा जाऊन आलं की झालं," म्हणत तुम्ही कपाटाच्या दाराआड खडूनं लिहून ठेवलंत. मग गावभर सांगत सुटलात, पोरगी पंधरा घंट्यात दारात उभी राहते म्हणून.

तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. त्या दिवशी काकांचा फोन आला, "निघाली का वं?" मी म्हटलं, निघाले. मे महिना होता. त्यांनी बर्फाच्या लाद्या आणल्या, कपाटाचं दार उघडून आकडा पाहिला, तेवढे घंटे थांबले, वर आणखी दोन थांबले आणि तुम्हाला नेलं. मी पोहोचले तेव्हा राखही सावडून झाली होती. काका रडत म्हणाले, "आमी तर तुह्या बापाच्याच घंट्यावर थांबलो, माय." तेव्हापासून घरात हेच बोललं जातं, की कंट्रोलरचा हिशोब जन्मात एकदाच चुकला, तोही स्वतःच्या वेळी. आई हे सांगताना थोडी हसतेसुद्धा. मला ऐकताना काहीच होत नाही. रडू यावं म्हणून मी थांबून बघते, येत नाही.

आईला वाचून दाखवावं म्हणून हे लिहायला बसले होते. आता दाखवणार नाही. त्या दिवशीच्या विमानात जागा होती, बाबा. मी दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. कपडे मशीनमध्ये ओले होते, ते वाळेपर्यंत बसले, आणि वाळल्यावरही बसूनच राहिले. का, ते अजून सांगता येत नाही. तुम्हाला उचलायच्या आधी, लागला तर लागला म्हणून, काकांनी पुन्हा फोन केला. त्यांच्या लेखी मी विमानात होते. मी स्वयंपाकघरात होते. फोन समोर वाजत होता, तीनदा वाजला, आणि मी बघत होते.