दोनशे बारा संदर्भ

ताई,

बढतीच्या अर्जात आज लिहिलं, माझ्या लेखाचा संदर्भ दोनशे बारा ठिकाणी दिला गेलाय. त्यातला एक सरकारी अहवालात आहे. ‘रुग्णच येत नाहीत’ म्हणून तुझं आरोग्य केंद्र बंद झालं, ते त्याच अहवालामुळे. तुला हे माहीत नाही.

लेखासाठी केंद्रातल्या रुग्णांच्या नोंदवह्या तूच दिल्या होत्यास. म्हणालीस, “शहाणे, मी आधी औषध देते, मग वही. निम्मे लिहायचे राहतात. तेवढं लेखात घाल हं.”

मी घातलं नाही. आकडेच अपुरे म्हणून लेख परत आला असता.

मघाशी तुला फोनवर आकडा सांगितला. “अगंबाई! म्हणजे माझ्या वह्या कामी आल्या!”

मी ‘हो’ म्हणाले. अर्ज गेला. हे पत्र पाठवायला हात धजत नाही.

तुझीच,
धाकटी