दत्ताची सही

मंगळवार, दिवेलागण. महाड.

सकाळी वकिलाचा फोन आला. दत्ताने तिकडे ज्या कागदावर सही केली, तो कबुलीजबाब होता. त्यांच्या समुद्रात चोरून माल आणल्याचा.

नाते गावचा दत्ता मालवाहू जहाजावर खलाशी. महिन्यापूर्वी त्या बेटांच्या देशाच्या नौदलाने जहाज धरलं, सगळे कोठडीत. एकच फोन करू दिला, तो त्याने मला केला. "भाऊ, कागद त्यांच्या भाषेत हाय. सही केली तर सोडतो म्हणतात. काय करू?"

मी वीर स्टेशनवर रिक्षा चालवून वर आलेला माणूस. पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये असाच सही ठोकून सुटत आलो. म्हटलं, "कर रे, वाचत काय बसतोस! आधी सुटून ये." तेव्हा त्याच्यामागे कुणीतरी हसलं. मी ऐकलं. माझे कान तिखट, सगळा बाजार सांगतो. मग 'थांब' का नाही म्हणालो?

वकील म्हणतो, दुभाषा मागायचा हक्क होता त्याला. होता! आता सहीच आडवी येते म्हणे. मी इथून काय करणार? ते हसणं दिवसभर कानात आहे.

आत्ता त्याची बायको सुलभा घावणे घेऊन माझ्या दुकानात आली होती. "तुमच्यामुळं धीर हाय, भाऊ. आणि ह्यांनी काय वाचल्याबिगर सही केली नसंल. गॅसची पावती पण दोनदा वाचतात ते."

मी घाईने घावणा तोंडात कोंबला. भरल्या तोंडाने बोलावं लागत नाही.