पप्पांच्या नावाचं रक्त

१२ नोव्हें., बुध.
परत जोगेश्वरी, पोलीस लाइन. दीड महिना गोकर्णात काढला. आई म्हणे, "मेल्या, जित्तो आसस?" पप्पा हवालदार, आज बंदोबस्ताला. आणि आजच लाइनीतल्या करमणूक हॉलमध्ये पोलिसांचं हेल्थ चेकअप. बंदोबस्त सोडला तर मेमो, चेकअप चुकवलं तरी मेमो. पप्पांचा फोन: "माझ्या नावाने रक्त देऊन ये. मोरेला सांगितलंय."
मोरेकाका यादीवर टिक मारायला बसलेले. टेबल टेनिसच्या टेबलावर सुया मांडल्या होत्या. नेट कधीच चोरीला गेलंय, टेबल एकदाचं कामाला आलं. कॅरम बघत बसलो, नंबर गेला, परत रांग. नर्स: "वय बावन्न?" मोरेकाका: "मेंटेन केलंय ना हवालदारांनी." सगळे हसले. मीपण.

१७ नोव्हें., सोम.
रिपोर्ट आला. शुगर, बीपी, सगळं नॉर्मल. वर शिक्का: फिट. पप्पांनी तो आईसमोर नाचवला. "बघ. माका काय होऊक नाय." पायाच्या अंगठ्याची जखम दिवाळीपासून ओली आहे, बुटात कापूस घालून जातात. आईने खुशीत शिरा केला. पप्पांनी दोनदा घेतला. मी बघतोय म्हटल्यावर, "खा गप."

२० नोव्हें., गुरु.
पप्पांनी बसून करायची ड्युटी मागितली. साहेबांनी रिपोर्ट काढला. "फिट आहात की! पोरांचेसुद्धा एवढे चांगले नाहीत." चकाल्याच्या नाक्यावर बारा तास उभं केलं.
डबा घेऊन निघालो. वाटेत मेट्रोच्या खांबावर पोरं चित्र रंगवत होती, तासभर तिथेच गेला. पोचलो तर पप्पा बॅरिकेड धरून, एका बुटाची लेस सोडलेली. म्हटलं, खरं सांगून टाका.
"काय सांगू? पोराचं रक्त दिलं? माझी नोकरी जाईल, मोरेची जाईल, आणि तू आत."

२२ नोव्हें., शनि.
पप्पांना ओढतच अंधेरीच्या एका लॅबमध्ये नेलं. फॉर्म मी भरत होतो. पप्पांनी हात धरला. "तुझं नाव लिही. माझ्या नावाचा दुसरा रिपोर्ट निघाला तर पहिला कुणाचा, विचारतील."
लिहिलं. वय तेवीस. सुई टोचणाऱ्याने कागद बघितलापण नाही. कोणीच बघत नाही साला.

२३ नोव्हें., रवि.
रिपोर्ट आईच्या हातात पडला. माझं नाव, शुगर तीनशेच्या वर. आधी ओरडली. "गावभर फिरतस, खातस काय, पितस काय, कोण बघता?" मग रडली. पप्पा पेपर वाचत होते. पान काही उलटत नव्हतं.
चहा आला. माझा बिनसाखरेचा. पप्पांच्यात दोन चमचे, रोजच्यासारखे.
हे लिहितोय तोवर पप्पांनी कप उचललेला नाही. माझ्याकडे बघतायत. मी त्यांच्याकडे.
आई दारातून: "थंड होता, घेवा."