धावपट्टीवरचा जवळा

मंगळवार, संध्याकाळ. बोईसर.

ड्रॅग रेसच्या, म्हणजे गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, नव्या पट्टीवर काल आम्ही चिकट द्राव फवारला, सुटताना टायर घसरू नयेत म्हणून. पट्टी इथल्या नवापूरच्या किनाऱ्याला; तिथल्या खाऱ्या, दमट हवेत तो धरेल का? महिनाभर हाच प्रश्न डोकं खात होता.

सकाळी गेलो तर गावातल्या हिरामावशी पट्टीवर उकिडव्या बसलेल्या. काँक्रीट झाल्यापासून त्या तिथेच जवळा, ती बारीक कोळंबी, सुकवतात. आज सवयीने टोपली ओतली आणि सगळा जवळा चिकटला. झाडू मारला तर झाडूच्या काड्याही अडकल्या.

मी वाकून एक जवळा ओढून पाहिला. शेपटी हातात आली, बाकीचा तिथेच. धरलंय की! मला हसूच फुटलं. दुपारच्या उन्हातही असाच धरेल?

"हसतो कशाला रे?" मावशी म्हणाल्या. "आमाला कोनी सांगितलं पन नाय."

खरंच. रोज त्यांना बघत होतो. टायरचा विचार केला, हवेचा केला.

"दुसरा जवळा आणून देतो, मावशी."

"ते देशील. पन हसलास कशाला?"

घरी येऊन बूट काढले. तळाला तोच जवळा. मघापासून खरवडतोय, निघत नाही. चांगलं धरलंय.