विषम तारखेचं पाणी

१७ मे

आज पुन्हा तेच. सकाळी जीपचं बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढलं, तर पाणी दोन बोटं खाली. परवा माझ्या पाळीले मी गळ्यापर्यंत भरलं होतं. मधात एकच दिवस गेला, आणि तो पंढरीचा.

लिहूनच ठेवतो. उद्या कोणी म्हणायले नको की थोरला खुशाल मनानंच काहीबाही बोलते. बाबा गेले तवा आईनं विहिरीच्या पाळीसारखी सवाऱ्यांच्या जीपचीही पाळी लावून देल्ली. विषम तारीख माझी, सम तारीख लहान्या भावाची. जीप आईच्या अंगणात, किल्ली तिच्या ओसरीतल्या खिळ्याले. पंढरीले तवाच विकायची होती. "दादा, म्हातारं जनावर हाये हे, काढून टाकू." मी नाई म्हटलं. बाबांची जीप हाये ती. तवापासून आमचं बोलणं बंद. विकू देल्ली नाई म्हणून आता बिघडवून राह्यला का?

१९ मे

दोन बोटं.

२० मे

त्याची पाळी. संध्याकाळी आईकडे सहज गेलो. सहज कशाचं, पाहायलेच गेलो. पंढरी बॉनेट उघडं टाकून समोर बाजेवर बसला होता. हातात ना पाना, ना फडकं. नुसता इंजिनाकडे पाहत बसला होता. मी दिसलो तसा उठला आणि बॉनेट खाली केलं. चोराच्या मनात चांदणं!

आई म्हणे, "चहा घेता का दोघं?" मी थांबलो नाई.

२१ मे

पाणी पिवळं. बोट बुडवून वास घेतला — हळद!

रेडिएटरमध्ये हळद कोण टाकते? पाणी चोरणं समजू शकतो, पण हे काही पंढरीचं डोकं नाई. हे त्याच्या बायकोचं, रंजीताचं काम. तिच्या माहेरी कोणी बुवा हाये असं ऐकून होतो, आता पटलं. सवाऱ्या भरायच्या आधी जीपच्या तोंडाले बिबा बांधला. सवाऱ्या हसल्या. हसू दे.

२५ मे

बाजारहत्नूरहून निघालो तवाच इंजिनाच्या गरमीचा काटा वर चढत होता. गुडीहत्नूर यायच्या आधी लालपाशी गेला. दहा सवाऱ्या आणि वांग्याची पोती घेऊन भर उन्हात अर्धा तास उभा. एक बाई म्हणे, "लहाना भाऊ असला की नाई बाई थांबत कदी गाडी." अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या दिवशी नाई थांबत, माझ्याच दिवशी थांबते. आता यापुढे कोणता पुरावा पाहिजे?

२७ मे

आज पारावर बोललोच. दहा-बारा माणसं बसली होती. सरळ म्हटलं — पंढरी पाणी काढते आणि रंजीतानं जीपवर करणी केली. सगळे गप. मले वाटलं पटलं म्हणून गप हायेत. मग मागं पाह्यलं तर रंजीता. डोक्यावर घागर, बोटाले पोरगी. तशीच निघून गेली.

दुपारी आईनं जेवायले वाढलं नाई. म्हणे, "तुह्या डोळ्यावर पट्टी हाये, खुशाल." तिचं मन पहिल्यापासून लहान्याकडेच.

२९ मे

दोन बोटं. पिवळं. पारावर एवढं बोललो तरी! निगरगट्ट.

३० मे

डोक्यात एक गोष्ट आली. महिना एकतीसचा. ३१ माझी आणि १ पण माझीच. दोन पाळ्या लागोपाठ, मधात पंढरी नाई. उद्या संध्याकाळी जीप आईच्या अंगणात लावतच नाई. माझ्या गोठ्यात घालतो, दाराले कुलूप, किल्ली माझ्यापाशी. परवा सकाळी पाणी भरलेलं सापडलं की चार माणसं बसवतो आणि जीप एकट्याची करून घेतो. पाळी-बिळी बंद.

१ जून

कुलूप जसंच्या तसं. झाकण काढलं, बोट घातलं. पाणी लागेना. काडी घातली, तिले पण लागेना. अख्खी बादली गेली आत. गोठ्यात मांजर पण शिरलं नव्हतं.

तसाच गुडीहत्नूरले दौलत मिस्त्रीकडे गेलो. तो खाली शिरला आणि मलेही वाकून पाहा म्हणे. रेडिएटरची जाळी खालून सडलेली, बोअरच्या पाण्यानं पांढरी झालेली, टिपूस टिपूस गळणं चालू. "आजचं नाई हे. चैतापासून गळून राह्यलं."

म्हटलं, मग माझ्या पाळीले सकाळी दोनच बोटं कमी काऊन असायचं?

दौलत माझ्याकडे पाहतच राह्यला. "पंढरीनं सांगतलं नाई तुमाले? आपल्या पाळीले दर फेरीले पाणी पाहते, आणि तुमची पाळी असली की आदल्या संध्याकाळी भरून ठेवते तो. इंजिन थंड व्हायले तास लागते, तवरिक बसून राह्यते. दादा घाईत निघते, म्हणे. हळद टाकायचं मीच सांगतलं. जुने डायवर टाकतात, बारीक भोकं बुजतात तिच्यानं. रंजीता वहिनीनं घरची देल्ली काढून."

मले काऊन नाई सांगतलं त्यानं?

"म्हणे, दादाले सांगतलं तर तो म्हणन, पंढरीनंच फोडली."

म्हटलंच असतं मी. खोटं कशाले लिहू?

दुसरी जाळी बसवली. बिबा दौलतनं सोडून माझ्या हातात देल्ला. येताना रस्त्यानं काटा जागचा हलला नाई. मी मात्र घामानं भिजलो होतो. लाज वाटते. रंजीतापुढे कोणत्या तोंडानं जाऊ?

२ जून

सम तारीख. उजाडायच्या आत आईच्या अंगणात जीप लावली, गळ्यापर्यंत पाणी भरलं, किल्ली खिळ्याले अडकवली आणि ओसरीत बसलो. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

आई म्हणे, "परवा संध्याकाळी आला होता तो, पाण्याचा डबा घेऊन. अंगणात जीप नाई, खिळ्याले किल्ली नाई. उभा राह्यला थोडा वेळ, डबा तुळशीत ओतला आणि गेला. आजपासून दुसऱ्याच्या गाडीवर लागला."

दुपार झाली. किल्ली खिळ्यालेच हाये.