वरचे वेढे

बाबा, आज कारखान्यांची सुट्टी आहे. स्वयंपाकघरातला एरवी पिवळट जळणारा दिवा आज पांढरा लख्ख आहे. तो तसा दिसला की तुम्ही आठवता, आणि तुम्ही आठवलात की हेही आठवतात, कारण माझ्या डोक्यात तुम्ही सासरे-जावई कायम एका पत्र्याच्या डब्यावर वाकून बसलेले असता आणि माझ्याकडे दोघांच्या पाठी असतात.

तो डबा म्हणजे ह्यांनी हौसेने घरी जोडलेला ॲम्प्लिफायर. कॅसेट लावली की आमची बोईसरची सगळी चाळ ऐकायची. ट्रान्सफॉर्मर मात्र तुमच्या पालघरच्या दुकानातला, तुम्ही स्वतः गुंडाळलेला, जावयासाठी खास. त्या डब्याचा पॉवर सप्लाय सारखा जायचा. गाणं रंगात आलेलं असायचं आणि फट्‌ आवाज, जळका वास, गप्प. आत बघावं तर कंडेन्सर पुरीसारखा फुगलेला. हे नवा घालायचे, तोही जायचा. मग तुम्हाला निरोप. तुम्ही एसटीने यायचात, वाळवलेल्या बोंबलांची पुडी माझ्या हातात द्यायचात, "बरी हायस ना?" विचारायचात, आणि उत्तर ऐकायच्या आत चपला काढून डब्यापाशी बसलेले असायचात. मी आजारी होते तेव्हा तुम्ही एकदाच आलात. डबा आजारी पडला की लगेच.

खरं सांगते, मला त्या डब्याचा राग यायचा. मग ह्यांचा येऊ लागला. तुम्ही ह्यांना "जावईबापू, बघा" म्हणत तारा दाखवायचात. मला कधी कुणी "बघा" म्हटलं नव्हतं. आणि वाइंडिंगच्या मशीनचा दांडा लहानपणी कोण फिरवायचं? शाळा सुटल्यावर मी तुमच्या दुकानात, स्टुलावर. अक्षरंसुद्धा मी तिथल्या खोक्यांवर वाचून पक्की केली. मी दांडा फिरवते आहे, तुम्ही तार बोटांतून सोडता आहात, वेढे पुरे होतात आणि तुम्ही म्हणता, "आता वरचे दे." हिशेबाच्या वर आणखी थोडे वेढे. का, विचारलं तर हसून म्हणायचात, "आपल्याकडचा करंट अर्धमेला. त्याला थोडं ढकलावं लागतं." सगळ्या तालुक्यात लग्नाचे भोंगे तुमच्या त्या वरच्या वेढ्यांवर वाजायचे.

म्हणूनच मला कळलं. त्यात काही मोठी हुशारी नव्हती. डबा फक्त सुट्टीच्या दिवशी जातो, हे मला स्वयंपाकघरातून दिसत होतं. हे म्हणायचे, त्या दिवशी मी घरी असतो, जास्त वाजवतो, म्हणून. पण त्या दिवशी दिवाही पांढरा व्हायचा, पंखाही गरगरायचा. कारखाने बंद, सगळा करंट आमच्या घरांत. त्यावर तुमचे वरचे वेढे. कंडेन्सर फुगेल नाही तर काय! तुम्ही दोघं डबा उघडून बसला होतात. मी दारातून म्हटलं, "बाबा, वरचे वेढे काढा. हे पालघर नाय."

तुम्ही मान वळवली नाहीत. "तुझी आमटी उतू जाते बघ," म्हणालात. हे हसले. म्हणाले, "मामा, तुमची पोरगी आता इंजिनियर झाली." तुम्हीही हसलात. आमटी उतू जात नव्हती, बाबा. तेव्हा चुलीवर काहीच नव्हतं.

पुढच्या सुट्टीला ह्यांनी कंपनीतल्या मित्राचा मीटर मागून आणला, लाइन मोजली, आणि तुम्ही उंबऱ्यात पाऊल टाकताच सुरू केलं, "मामा, सापडलं! इथली लाइन सुट्टीला चढते, आणि वर तुमचे जादा वेढे." मी चहाचे कप धरून उभी. आता हे म्हणतील, ही म्हणाली होती. हे म्हणाले नाहीत. कदाचित खरंच विसरले असतील. आणि तुम्ही? तुम्ही ह्यांच्या पाठीवर थाप मारलीत. "पकडलं की मला, जावईबापू! इतकी वर्षं कोणी नाय पकडलं. डोकं हाय तुमाला." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "ऐकलंस? नशीबवान हायस."

त्याच दिवशी दोघांनी बसून वरचे वेढे सोडले. तुम्ही सोडत होतात, हे दुसरं टोक धरून होते, दोघं बोलत होतात, हसत होतात. डबा नंतर कधी गेला नाही. आणि तुमचं येणं थांबलं. ह्यांना फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. म्हणायचे, तुझे बाबा माझ्याशी माझ्या वडिलांपेक्षा जास्त बोलले. मी ऐकून घेतलं. माझे होते ते.

तुम्ही गेलात तेव्हा हे माझ्यापेक्षा जास्त रडले. चार माणसांत मला त्यांची समजूत काढावी लागली. आता हेही नाहीत. हात त्यांच्या कपाकडे अजून जातो. वाचनालयातून पुस्तकं आणते, दुपार जाते. पण कधी वाचता वाचता वाटतं, तिकडे दोघं पुन्हा काहीतरी उघडून बसला असाल, आणि इकडे मी दारात.

त्या दिवशी सोडलेली तांब्याची तार ह्यांनी खिडकीत टाकून दिली होती. ती मी उचलून ठेवली. तुमचा फोटो भिंतीवर त्याच तारेने टांगला आहे. ह्यांचा फोटो शेजारीच आहे, सुतळीवर. सुतळी दरवर्षी कुजते, दरवर्षी बदलते. तार अजून पुष्कळ उरली आहे, बाबा. ह्यांना दिली नाही.