कोंबड्यांचा मुक्काम वाढवण्याबाबत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधी करतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या कोंबड्या आमच्याहून बऱ्या आहेत.

खुराड्याचं छप्पर दुरुस्त झालं, रविवारी कोंबड्या न्यायला येते, असं तू कळवलंस. ताई, एवढी घाई नको. का, ते तुला म्हणून सांगतो (तुझ्या भावजयीच्या कानावर जाता कामा नये). डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं तेव्हापासून हिने अळणी स्वयंपाकाचा विडाच उचललाय. आज लाल भोपळा, उद्या कोबी, परवा पुन्हा भोपळा. शिंपीकामात जन्मभर कापडाची खळ हाताळली, तीही याहून चवदार असेल. पण ही इतक्या आशेने समोर बघते की नको म्हणवत नाही. तेवढ्यात तू कोंबड्या ठेवून गेलीस, आणि भाजीच्या साली नि देठं त्यांना टाकायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. (देठांखाली माझं जेवण असतं.) रिकामं ताट बघून हिला वाटतं, ह्यांना आवडायला लागलं. अगदी खुलली आहे, गुणगुणत भाजी चिरते.

परवा मात्र बिंग फुटणारच होतं. मेहुणे (हिचे दादा) आले होते. ऊन खायला म्हणून ताट घेऊन मागच्या अंगणात बसले. ताट दिसताच सगळ्या धावल्या. एक मांडीवर, एक खांद्यावर आणि तुझी ती लंगडी थेट ताटात. मेहुणे शांत स्वभावाचे (टपालखात्यात होते), त्यांनी ताट खाली ठेवलं आणि आत येऊन हात धुतले. ही म्हणाली, "कोंबड्यांना ताटाची एवढी ओळख कशी?" मी म्हणालो, स्टील चमकतं ना, त्याने. तिने मान डोलावली. साधी आहे बिचारी.

तर कोंबड्या गेल्या की ते ताट माझ्याच्याने संपणार नाही, आणि हिचा चेहरा पडेल. तेवढं मला बघवणार नाही. उन्हाळ्यापर्यंत तरी राहू देत.

तुझा,
धाकटा

ता. क. अंडी निम्मी तुझी.

ता. क. (अक्षर माझं आहे, वन्सं.) पाकीट चिकटवायचं काम ह्यांनी नेहमीसारखं माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ताटाचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. रात्री सूप देते ते म्हणजे तोच भोपळा, मिक्सरमधून काढलेला. मागून घेतात. तेव्हा पोटाची काळजी नको. पण कोंबड्या खरंच नेऊ नका. दुकान बंद केल्यापासून हे घरात दिवसदिवस तोंड उघडत नव्हते. आता दुपारी ताट घेऊन कोंबड्यांशी बोलत बसतात, जुन्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगतात. मी खिडकीशी उभी राहून ऐकते. फार बरं वाटतं. ताट संपलं की बोलणं संपतं, म्हणून हल्ली मी भोपळा जरा जास्तच वाढते.